शाळा सुटल्यानंतरचे तास आणि गुणांची फूटपट्टी

शाळा सुटल्यावर मुलांसाठी चालणाऱ्या उपक्रमांवर सरकारने पैसा खर्च करावा का, हा वाद अमेरिकेत दर काही वर्षांनी पेटतो आणि बहुतेक वेळा त्याच दोन वाक्यांपाशी येऊन अडतो. एक बाजू सांगते, या उपक्रमांमुळे मुलांचे गुण वाढतात. दुसरी सांगते, वाढत नाहीत, अहवाल वाचा. २०२५ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने राज्यांना द्यायचं शिक्षणाचं बरंच अनुदान आढाव्यासाठी म्हणून रोखून धरलं. त्यात शाळेनंतरच्या केंद्रांचे सुमारे १.३ अब्ज डॉलर होते. सत्ताधारी पक्षाच्याच दहा सिनेटरांनी पत्र लिहिल्यावर हा पैसा सुटला, पण तेवढ्या अवधीत जुनं भांडण पुन्हा वर आलं. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. हे उपक्रम सार्वजनिक पैशातूनच चालायला हवेत, सगळ्या मुलांना खुले हवेत आणि त्यांत कुटुंबांनाही जागा हवी. मात्र गुणवाढीचं आश्वासन देऊन त्यांची वकिली करणं थांबायला हवं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ ठरतो, तसं या वादात झालं आहे: विरोधक ज्या मापाने घाव घालतात, ते माप समर्थकांनीच त्यांच्या हाती दिलेलं आहे.

हे कसं झालं हे समजायला थोडा इतिहास लागतो. 'ट्वेंटी-फर्स्ट सेंच्युरी कम्युनिटी लर्निंग सेंटर्स' ही योजना १९९४ च्या कायद्यात आली तेव्हा तिची कल्पना साधी होती. शाळेची इमारत लोकांच्या पैशाने बांधलेली असते, वर्ग सुटले की तिला कुलूप लागतं, तर ती सगळ्या वस्तीसाठी उघडी ठेवावी. प्रौढांची साक्षरता, ग्रंथालयाचे वाढीव तास, ज्येष्ठांसाठी कार्यक्रम, पालकांना आधार हे सगळं त्या मूळ यादीत होतं. १९९८ मध्ये सरकारने शाळेनंतरच्या मुलांवर भर देऊन योजना वाढवायला घेतली. त्या वर्षी ४ कोटी डॉलर मिळाले, २००२ पर्यंत आकडा एक अब्जावर गेला. त्याच २००२ च्या जानेवारीत 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड' कायद्यावर सही झाली. देशभर चाचण्यांचं राज्य सुरू झालं, आणि या केंद्रांचं पहिलं काम बदलून शैक्षणिक प्रगतीला हातभार लावणं असं ठरलं. म्हणजे एका हेतूने उघडलेलं दार दुसऱ्या हेतूच्या परीक्षेला बसवलं गेलं.

परीक्षेचा निकाल लगेच आला. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सरकारी मूल्यमापनात मुलांच्या अभ्यासावर फारसा परिणाम दिसला नाही. त्याचा आधार घेऊन सरकारने अनुदान एक अब्जावरून ६० कोटींवर आणायचा प्रस्ताव मांडला, तो अमेरिकी काँग्रेसने मानला नाही. २०१७ मध्ये योजना पूर्ण बंद करण्याचा प्रस्ताव आला. अर्थसंकल्प कार्यालयाचे प्रमुख मिक मुल्वेनी यांनी पत्रकारांसमोर सांगितलं की या कार्यक्रमांमुळे मुलं शाळेत पुढे जातात याचा पुरावा नाही. काँग्रेसने तेही मानलं नाही.

विरोधकांचा हा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. प्राथमिक शाळांपुरतं ते मूल्यमापन चिठ्ठ्या टाकून केलेल्या निवडीवर आधारलेलं होतं, आणि सामाजिक संशोधनात याहून भक्कम पद्धत क्वचितच हाती लागते. २००५ च्या अंतिम अहवालात तर केंद्रात जाणाऱ्या मुलांच्या बेशिस्तीच्या तक्रारी थोड्या जास्तच दिसल्या. आपल्या बाजूला गैरसोयीचं आहे म्हणून हे झाकून ठेवणारा समर्थक स्वतःची विश्वासार्हता घालवतो. पण अहवाल वाचायचा तर पुरता वाचावा. त्यात हेही आहे की या मुलांना शाळा सुटल्यानंतर अधिक सुरक्षित वाटत होतं. आणि हेही, की प्राथमिकची मुलं साधारण आठवड्यातून दोन-तीन दिवस येत होती, त्यापुढच्या वर्गांतली त्याहून कमी. इतक्या तुटक हजेरीत वाचनाचे गुण वर्षभरात चढतील अशी अपेक्षा कुठल्या शिक्षकाने केली असती? त्या केंद्रांत बराच वेळ गृहपाठ पुरा करण्यात जात असे. दिवसभर वर्गात जे जमलं नाही तेच दमलेल्या मुलाकडून पुन्हा करून घ्यायचं, आणि मग विचारायचं की फरक का पडला नाही.

२०१० मध्ये डुरलॅक, वाइसबर्ग आणि पाचन या संशोधकांनी अशा अनेक उपक्रमांचे अभ्यास एकत्र करून तपासले. ज्या ठिकाणी शिकवण्याला क्रम होता, मुलं स्वतः हातांनी काही करत होती, ठरावीक कौशल्यासाठी राखून वेळ दिला होता आणि काय शिकायचं ते स्पष्ट होतं, तिथे मुलांच्या आत्मविश्वासावर, वागण्यावर आणि अभ्यासावरही चांगला परिणाम दिसला. बाकीच्या ठिकाणी दिसला नाही. समर्थक हा अभ्यास मोठ्या उत्साहाने पुढे करतात. मलाही तो महत्त्वाचा वाटतो, कारण 'उपक्रम चालतात का' या प्रश्नाला सरसकट उत्तर असूच शकत नाही, हे त्यातून कळतं. तरीही माझी बाजू मी त्याच्यावर उभी करणार नाही. उद्या दुसरा अभ्यास उलटा निघाला तर मुलांना दारातून परत पाठवायचं का?

पोहायला, वाद्य वाजवायला, चित्र काढायला शिकवणाऱ्या वर्गांना ऐपत असलेले आईवडील फी भरतात तेव्हा त्यांतला कोणी विचारतो का, की पोहण्याने गणिताचे गुण किती वाढले? ते विचारत नाहीत, कारण आपल्या मुलाला पाणी यावं, सूर यावा, चार नव्या मुलांशी जुळवून घेता यावं, हेच त्यांना हवं असतं. ग्रेग डंकन आणि रिचर्ड मर्नेन या अभ्यासकांनी अमेरिकी घरखर्चाची आकडेवारी मांडली आहे. १९७२-७३ मध्ये वरच्या पाचव्या हिश्श्यातली कुटुंबं पुस्तकं, छंदवर्ग, शिबिरं, शिकवण्या अशा गोष्टींवर दर मुलामागे वर्षाला सुमारे ३,५०० डॉलर खर्च करत, तर तळाच्या पाचव्या हिश्श्यातली ८३५. २००५-०६ पर्यंत, महागाई वजा करूनही, वरचा आकडा ८,९०० च्या घरात गेला; खालचा १,३१५ वर थांबला. शाळेच्या आत समानता आणायला कायदे झाले, निकाल लागले, आंदोलनं झाली. शाळेच्या बाहेर त्याच काळात दरी जवळजवळ तिप्पट रुंदावली आणि तिच्याबद्दल कायदेमंडळात बोलताना पुरावा फक्त गरिबाच्या मुलाकडून मागितला जातो. श्रीमंताच्या मुलाची संध्याकाळ आपोआप योग्य, गरिबाच्या मुलाची मात्र गुणांनी सिद्ध झाली तरच योग्य, हा न्याय मला मान्य नाही.

जुन्या काळी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रश्न असाच अडवला गेला होता. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ च्या मार्चमध्ये केंद्रीय कायदेमंडळात आपलं विधेयक मांडलं. मागणी किती माफक होती! ज्या भागात आधीच पुरेशी मुलं शाळेत जातात, तिथल्या स्थानिक संस्थेची इच्छा असेल तरच, हळूहळू सक्ती आणायची. आक्षेप आले ते असे: पैसा नाही, लोकांची मागणी नाही, ऐच्छिक मार्गाने अजून पुष्कळ करता येईल, गरिबाच्या घरी मुलाचे हात कामाला लागतात. गोखले बडोद्याचा दाखला देत होते. सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग करून १९०६ मध्ये तो सगळ्या संस्थानाला लागू केला होता. म्हणजे जे अशक्य म्हटलं जात होतं ते शेजारीच चालू होतं. १९१२ मध्ये विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. पाच वर्षांनी शाहू महाराजांनी कोल्हापुरात तसा कायदा करून दाखवला. आज ते आक्षेप कोणी शाळेबद्दल घेत नाही. पण शाळेनंतरच्या तासांबद्दल तेच आक्षेप, त्याच क्रमाने, जगभर ऐकू येतात. शाळा सार्वजनिक का झाली? मुलाचा दिवस बापाच्या मिळकतीवर सोडला तर काहींच्या वाट्याला पाटी येते आणि काहींच्या वाट्याला ओझं, हे दिसलं म्हणून. दुपारचा ठोका पडल्यावर हे तत्त्व बदलतं का?

'आधी शाळा तरी धड चालवा' हा आक्षेप मला सर्वांत प्रामाणिक वाटतो, कारण तो बहुधा शिक्षकांकडून येतो. ज्या शाळेत एका वर्गात चाळीस मुलं आहेत आणि विज्ञानाला शिक्षक नाही, तिथे संध्याकाळच्या नाटकावर पैसा कसा मागायचा? मागू नये, जर तो शाळेच्या ताटातून काढायचा असेल तर. पण शाळेची ताकद किती आहे याचाही अंदाज हवा. श्रीमंत देशांच्या ओईसीडी या संघटनेच्या आकडेवारीनुसार प्राथमिक वर्गांत सक्तीचे तास वर्षाला सरासरी आठशेच्या आसपास भरतात. झोपेचे तास वजा केले तर मुलाच्या जागेपणीच्या वेळेचा तो सुमारे सहावा भाग. उरलेल्या पाच भागांत जे साचतं ते सहाव्या भागाने भरून काढावं अशी अपेक्षा आपण शिक्षकांकडून करतो आणि जमलं नाही की त्यांनाच दोष देतो. शाळेनंतरच्या तासांना वेगळी माणसं आणि वेगळा पैसा मिळाला तर शाळेवरचा हा अन्यायही कमी होईल.

याहून खोल आक्षेप स्वातंत्र्याचा आहे, आणि त्यावर समर्थक फार घाईने पुढे जातात. मुलाचा सगळा दिवस सरकारी वेळापत्रकात बसवायचा का? रिकामा वेळ, कंटाळा, स्वतःच शोधलेला खेळ यांतून मूल जे मिळवतं ते कुठला उपक्रम देणार? इथे दक्षिण कोरियाकडे पाहावं. १९८० मध्ये तिथल्या लष्करी सरकारने खासगी शिकवण्यांवरच बंदी घातली. शिकवण्या लपूनछपून चालू राहिल्या आणि २००० मध्ये घटनात्मक न्यायालयाने ती बंदी रद्द केली. २००६ पासून सरकारने शाळेतच शाळेनंतरचे वर्ग मोठ्या प्रमाणावर सुरू केले. उघड उद्देश हा, की पालकांचा खासगी क्लासवरचा खर्च घटावा. काही कुटुंबांना त्याचा आधार मिळालाही. पण २०२४ मध्ये, विद्यार्थिसंख्या वर्षानुवर्षं घटत असताना, खासगी शिकवण्यांवरचा खर्च २९ लाख कोटी वॉनच्या पुढे जाऊन नवा उच्चांक झाला. यातून मी काढतो तो धडा असा: सरकार दुपारच्या तासांत शिरलं यात चूक नव्हती, ते स्वस्त क्लास बनून शिरलं यात होती. शर्यत तीच ठेवून एक सार्वजनिक धावपट्टी वाढवली, तर जो तो आणखी जोरात धावतो.

म्हणून स्वातंत्र्याचा आक्षेप मी मान्य करतो आणि तोच अट म्हणून घालतो. शाळेनंतरच्या जागेत मुलाला काहीही न करता बसायचा हक्क हवा. गट सोडायचा, बदलायचा, कोपऱ्यात वाचत राहायचा हक्क हवा. स्वीडनमध्ये शाळेला जोडून चालणारी फुरसतीची केंद्रं याच विचारावर उभी राहिली. तिथे खेळ हाच गाभा मानला जातो आणि त्या कामासाठी विद्यापीठाची तीन वर्षांची वेगळी पदवी आहे. मूल सांभाळायला कोणीही चालतं, असं तिथल्या धोरणाने मानलं नाही. तिथेही पुढे काटकसर आली. १९९० नंतरच्या दोन-अडीच दशकांत गटातल्या मुलांची सरासरी संख्या दुपटीहून जास्त झाली, आणि अशा गर्दीत शिकलेल्या माणसालाही नुसती राखण करावी लागते. आणि रिकाम्या वेळेचं गुणगान करताना एक गोष्ट सांगायची राहते. ज्याचे आईवडील संध्याकाळी उशिरा परततात आणि ज्याला दाराबाहेर पडू नकोस अशी ताकीद आहे, त्या मुलाचा रिकामा वेळ म्हणजे बंद खोली आणि टीव्ही-मोबाइलचा पडदा. ज्या रानोमाळ भटकण्याची आठवण मोठी माणसं काढतात, ते त्याच्या वाट्याला मुळातच आलेलं नाही.

'यामुळे मालकांचं फावतं' असंही म्हटलं जातं: मुलं सांभाळायची सोय झाली की आईवडिलांना आणखी राबवता येतं. हे खरं आहे. कामाचे तास कमी व्हायलाच हवेत. पण ती लढाई जिंकेपर्यंत आज सात वर्षांचं असलेलं मूल थांबू शकत नाही. कामाच्या तासांवर मर्यादा आणि सार्वत्रिक शाळा या मागण्या एकोणिसाव्या शतकात एकाच चळवळींनी एकाच वेळी केल्या होत्या. एकीसाठी दुसरी सोडा असं त्या कामगारांनी कधी म्हटलं नाही.

समर्थकांच्या एका युक्तिवादाचा मात्र मला मनापासून त्रास होतो. शाळेच्या दिवशी मुलांकडून घडणाऱ्या हिंसक गुन्ह्यांचा चढता काळ शाळा सुटल्यानंतरचा असतो, म्हणून ही केंद्रं हवीत, असं ते सांगतात. अमेरिकी आकडेवारीत तसं दिसतं हे खरं. पण या भाषेने मतं मिळवली की केंद्राचं रूपही त्या भाषेसारखंच होतं: हजेरी, पहारा, शिस्त. गरीब वस्तीतल्या मुलाला आधी धोका म्हणून पाहायचं आणि मग धोका टळावा म्हणून हातात ब्रश द्यायचा, यात त्या मुलाचा अपमान आहे. त्याला ब्रश द्यायचं कारण एवढंच पुरे की त्याला चित्र काढायचं आहे.

आता कुटुंबांबद्दल. अमेरिकी कायद्यात आजही लिहिलेलं आहे की या केंद्रांनी मुलांच्या घरच्यांना सहभागाची, साक्षरतेची संधी द्यावी. प्रत्यक्षात कुटुंबाचा सहभाग म्हणजे बहुतेकदा वर्षातून दोन-तीन संध्याकाळी पालकांना बोलावणं आणि सह्यांचा कागद अहवालाला जोडणं. खरा सहभाग कसा असतो याचा नमुना शंभर वर्षं जुना आहे. इंग्लंडमधल्या केंब्रिजशायर परगण्याचे शिक्षणाधिकारी हेन्री मॉरिस यांनी १९२४ मध्ये एक आराखडा मांडला: ग्रामीण भागात अशी इमारत बांधायची की दिवसा तिथे मुलं शिकतील आणि संध्याकाळी त्यांचे आईवडील. ग्रंथालय, सभागृह, कार्यशाळा दोघांच्या सामायिक. १९३० मध्ये सॉस्टनला असं पहिलं 'व्हिलेज कॉलेज' सुरू झालं, १९३९ मध्ये इम्पिंग्टनचं, ज्याच्या रचनेत वॉल्टर ग्रोपियससारखा वास्तुकार होता. खेड्यातल्या शेतमजुराच्या मुलांसाठी त्या काळच्या थोर वास्तुकाराला बोलवावं, असं एका परगण्याच्या अधिकाऱ्याला वाटलं. गरिबांसाठीच्या सोयी कामचलाऊ असाव्यात हा समज मॉरिस यांनी मोडून काढला.

त्याच्या कितीतरी आधी, १८५५ मध्ये, जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी दिवसभर राबणाऱ्या स्त्री-पुरुषांसाठी रात्रीची शाळा काढली होती. मुलींच्या शाळा काढणाऱ्यांनाच ती सुचावी यात नवल नाही. शिकणारं मूल ज्या घरात परत जातं त्या घरालाही शिकायला जागा लागते, हे त्यांनी कामातून ओळखलं होतं. संध्याकाळी आई एका खोलीत नवी भाषा शिकते, मूल शेजारच्या खोलीत यंत्र उघडून बसतं आणि दोघं एकत्र घरी जातात, तेव्हा शाळा ही परक्यांची जागा राहत नाही. कुठले वर्ग चालवायचे, कोण शिकवणार, किती वाजेपर्यंत दार उघडं ठेवायचं, या निर्णयांत पालकांना मत हवं. वस्तीत सुतारकाम किंवा वाद्य येणारी माणसं असतातच. त्यांना मानधन देऊन शिकवायला बोलावता येतं.

पैसा कसा द्यायचा यावर अख्खी योजना तरते किंवा बुडते. फ्रान्सने २०१३ मध्ये शाळेचा आठवडा बदलून दर आठवड्याला सुमारे तीन तास उपक्रमांसाठी मोकळे केले आणि जबाबदारी स्थानिक पालिकांवर टाकली. केंद्राची मदत दर मुलामागे वर्षाला ५० युरो, गरीब पालिकांना आणखी ४०. सधन शहरांनी चांगले प्रशिक्षक नेमले. छोट्या गावांना माणसंही मिळेनात आणि पैसाही पुरेना. २०१७ मध्ये जुन्या आठवड्याकडे परतायची मुभा मिळाल्यावर बहुतेक पालिका परतल्या. कल्पना वाईट नव्हती, तिच्यामागे पुरेसा पैसा नव्हता. जर्मनीने दुसरी वाट घेतली. २००० च्या पिसा या आंतरराष्ट्रीय चाचणीत मुलं मागे पडल्याचं दिसल्यावर २००३ पासून चार अब्ज युरो दिवसभराच्या शाळांवर घातले. पुढच्या अभ्यासांत दिसलं की नुसतं नाव घातल्याने गुण वाढत नाहीत, पण दर्जा चांगला असेल आणि मूल टिकून राहिलं तर वागण्यात फरक पडतो. गुण वाढले नाहीत म्हणून दार बंद करा, असं तिथल्या सरकारने म्हटलं नाही. २०२१ च्या कायद्याने प्राथमिकच्या प्रत्येक मुलाला आठवड्याचे पाच दिवस, रोज आठ तासांपर्यंत जागेचा हक्क दिला. तो २०२६ च्या ऑगस्टपासून पहिलीला आणि पुढे दरवर्षी एकेका इयत्तेला लागू करायचं ठरलं. माणसं कमी पडतील ही तिथली चिंता रास्त आहे. पण हक्क कायद्यात लिहिला गेला की माणसं तयार करायची जबाबदारी सरकारवर येते. अनुदानाच्या अर्जावर चालणाऱ्या व्यवस्थेत ती कोणावरच येत नाही.

अमेरिकेतली केंद्रं अशाच अर्जांवर चालतात. तीन ते पाच वर्षांचं अनुदान, त्यासाठी स्पर्धा, ते संपलं की पुन्हा अनिश्चितता. चांगला प्रशिक्षक अशा नोकरीत किती दिवस थांबेल? या उपक्रमांसाठी झटणाऱ्या 'आफ्टरस्कूल अलायन्स' या संस्थेच्या २०२० च्या पाहणीत एका दाखल मुलामागे जागेची वाट पाहणारी तीन मुलं होती. संस्था समर्थकांची आहे, म्हणून आकडा थोडा कमी धरला तरी मागणी नाही असं म्हणता येत नाही. मूल्यमापन जरूर व्हावं, कठोर व्हावं, पण या कामाला शोभेल असं. मुलं तिसऱ्या महिन्यातही आपणहून येतात का? कोणत्या घरांतली मुलं गळतात? शिकवणारी माणसं वर्षभर टिकतात का? सुरुवातीला न येणारं काय मुलाला आता येतं? आणि त्याच अहवालात पैशाचाही हिशेब असावा. २००२ मध्ये या योजनेला एक अब्ज डॉलर मिळत होते, २०२४ मध्ये १.३ अब्ज मिळाले, आणि मधल्या काळात तिथल्या किमती सत्तर टक्क्यांहून अधिक चढल्या. म्हणजे प्रत्यक्षात अनुदान घटलेलं आहे. गुण का वाढले नाहीत हे केंद्रांना विचारणाऱ्यांनी ही घट का होऊ दिली, याचं उत्तर आधी द्यावं.